तात्यांची बारा मशीनं

आमचे तात्या कुठलंही यंत्र सुरू करताना त्याच्या समोर उभे राहत नाहीत. कॉम्प्युटर असो, प्रिंटर असो, नाहीतर स्टाफरूममधला पाणी गार करायचा कूलर असो, बटण दाबायचं आणि चटकन दोन पावलं बाजूला सरकायचं, ही त्यांची पद्धत. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, कधीतरी शॉक बसला असेल बिचाऱ्यांना. एकदा न राहवून विचारलंच. तर म्हणाले, "समोर हुबं ऱ्हायलं का बुजतंय, मॅडम. तुमी वर्गात शिकवताना प्रिन्सिपॉल म्होरं येऊन हुबं ऱ्हायलं तर तुमाला जमंल का?" मला जमलं नसतं. तेव्हापासून मीही बाजूला उभी राहते, आणि कोणी बघितलंच तर ओढणी नीट करत असल्याचं दाखवते.

तात्या म्हणजे आमच्या कॉम्प्युटर लॅबचे परिचर. वाडी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, पार डोंगरात. आठवडाभर अवसरी खुर्दला एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीने वाडीवर जायचे. मी त्याच कॉलेजात शिकवते. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी एकटीची अब्रू जाणार आहे तेवढी पुरे.

मशीन 'बिघडलं' हा शब्द तात्यांना चालत नसे. 'बरं न्हाई' असं म्हणायचं. बरं नसलेल्या मशीनच्या पडद्यावर ते एक चिठ्ठी डकवत, आणि चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात एकच शब्द लिहीत, 'आराम'. एका वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ओळीने चार मशीनवर ती चिठ्ठी पाहिली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की हे कुठलं सॉफ्टवेअर, आमच्याकडे अजून आलेलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे बरीच वर्षं आहे.

तात्या शिकले सातवीपर्यंत. इंग्रजी ते पडद्यावर शिकले. कॉलेजात शिपाई म्हणून लागले, फरशी पुसता पुसता लॅबमध्ये रमले, आणि पडद्यावर उमटणारं एकेक वाक्य पोरांना विचारून विचारून खिशातल्या डायरीत उतरवून घेऊ लागले. त्यामुळे त्यांचं सगळं इंग्रजी म्हणजे कॉम्प्युटरने माणसाशी बोलायचं इंग्रजी. ते माणसांशीही तेच बोलतात. तास संपायच्या आत सोडा म्हणणाऱ्या पोरांना 'ॲक्सेस डिनाइड'. चहा आला का म्हणून विचारलं तर 'लोडिंग'. कॅन्टीनमधली बाई चौथी चपाती वाढायला आली की पोटावर हात ठेवून 'डिस्क फुल'. एकदा माझ्या सासूबाई महाळुंगे पडवळहून मला डबा द्यायला कॉलेजात आल्या. त्यांना खुर्ची पुसून देत तात्या अदबीने म्हणाले, "वेलकम. प्लीज सिलेक्ट लँग्वेज." सासूबाईंनी मराठी निवडली आणि दोघं तासभर भाताच्या जातींवर बोलत बसले. डबा तसाच राहिला.

त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, बायकापोरांसह तिकडेच राहतो. मुलाचा फोन आला का, असं विचारलं की तात्या म्हणत, "नॉट रिस्पॉन्डिंग." आणि लगेच हातातल्या फडक्याने एखादा आधीच स्वच्छ असलेला कीबोर्ड पुसायला घेत.

गेल्या वर्षी मार्चअखेरीस तात्या रिटायर होणार होते. माणसं रिटायर होताना दिवस मोजतात तसे तात्याही मोजत होते, पण उतरलेल्या चेहऱ्याने. एकदा मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, की आता काय तात्या, आरामच आराम. त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मॅडम, आमची म्हातारी गेल्यापासनं रविवार कसाबसा काढतो मी. वाडीत चार घरं उघडी, बाकी कुलपं. सोमवारी लॅब हाय म्हनून रविवार निघतो. आता समदेच रविवार." यावर मी काहीतरी 'नातवंडांत रमा' छापाचं बोलले. आठवलं की आजही लाज वाटते.

आणि नेमकी त्याच मार्चमध्ये ती बारा मशीनं आली.

पुण्यातल्या एका कंपनीने आपली जुनी झालेली मशीनं कॉलेजला दिली होती. जुनी म्हणजे त्यांच्या लेखी. आमच्या लेखी ती ऐरावत होती. एकेका मशीनमध्ये दोन प्रोसेसर बसायची सोय, एकेका प्रोसेसरमध्ये काम करणारे आठ कोर. म्हणजे एका पेटीत सोळा जण एकदम कामाला. आमच्या मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा होती ती याच विषयाची, एक काम अनेक प्रोसेसरांत कसं वाटायचं याची. जुन्या मशीनवर ती घेणं म्हणजे बाजेवर बसून पोहायला शिकवणं. म्हणून आम्ही जुनी मशीनं काढून टाकली, नवी मांडली, त्यांवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली आणि बटण दाबलं. तात्या बाजूला सरकले.

पडद्यावर ओळी धावल्या, धावल्या, आणि दचकून थांबल्या. शेवटची ओळ 'कर्नल पॅनिक'. दुसरं मशीन लावलं, तेच. तिसरं, चौथं, बाराच्या बारा मशीनं तीन सेकंद धावायची आणि गप्प व्हायची.

तात्यांनी मला त्या दोन शब्दांचा अर्थ विचारला. मी सांगितलं, की ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात, आणि त्याला काही सुचेनासं झालं की तो हात टेकतो. तात्यांनी डायरीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे घाबारलंय. घाबारलेल्याला दटावू नये." आणि बारा पडद्यांवर 'आराम'च्या बारा चिठ्ठ्या लावल्या.

आमच्या विभागप्रमुख सरांचा आरामावर विश्वास नव्हता. परीक्षा दहा दिवसांवर आलेली. शनिवारपर्यंत मशीनं चालली नाहीत तर परीक्षा दुसऱ्या कॉलेजात जाऊन द्यायची, मशीनं भंगारात आणि लॅबची खोली मेकॅनिकलवाल्यांना, असं त्यांनी तात्यांच्या देखतच जाहीर केलं. सर गेल्यावर तात्या मला म्हणाले, "एवढी वर्षं मी ह्या दाराचं कुलूप रोज सकाळी काढलं. कायमचं लावून जायाचं आसंल, तर ते माझ्या हातनं नको." त्या दिवसापासून ते नेहमीपेक्षाही तासभर आधी येऊ लागले.

आता माझा प्रताप सांगते. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, आणि ते याच विषयातलं. त्यामुळे मी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. मेमरीची चाचणी घेतली. दुसरी आवृत्ती चढवली, तिसरी चढवली. पडद्यावरच्या ओळी इतक्या वेगात पळायच्या की वाचता येईनात, म्हणून मुलांना मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं आणि ते सावकाश चालवून बघितलं, क्रिकेटमध्ये रनआउट बघतात तसं. इंटरनेट धुंडाळलं. तिथे एका परदेशी गृहस्थाला हुबेहूब हाच त्रास झाला होता. त्याने सहा वेळा रडून शेवटी लिहिलं होतं, 'सुटलं, आभार.' कसं सुटलं ते लिहिलं नव्हतं. त्या माणसाला मी काय काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही.

बुधवारी एक धागा सापडला. मशीन सुरू होतं तेव्हा आधी एकच कोर जागा होतो, तो सगळा कारभार हाती घेतो, आणि मग बाकीच्यांना एकेक करून हाक मारून उठवतो. मी मशीनला सांगितलं, एकट्यानेच चाल, कोणाला उठवू नकोस. तर ते सुरळीत सुरू झालं. दोघं चाला म्हटलं, की पुन्हा पॅनिक. म्हणजे एकटा असेपर्यंत ठीक. दुसऱ्याला हाक मारली की घोडं पेंड खात होतं. पण एकट्याने चालणाऱ्या मशीनवर अनेकांची परीक्षा कशी घेणार? मी निदान केलं, दुसरा कोर बाद आहे.

तात्या शेजारी स्टुलावर बसून ऐकत होते. "बाराच्या बारा मशीनात दुसराच बाद?"

"हो, तसंच दिसतंय."

"बारा घरांतला नेमका दुसराच पोरगा वाया गेलाय, आसं कुटं आसतंय का मॅडम?"

मी जरा तोऱ्यातच म्हटलं, की तात्या, हे कोर आहेत, पोरं नाहीत. तात्या म्हणाले, "आमच्यात पडकई आसती, ठावं हाय का तुमाला?" माझं माहेर बोरी बुद्रुक, बागायतातलं. पडकई मी नुसती ऐकून होते. तात्यांनी मग समजावून सांगितलं. डोंगरउतारावर भाताचं खाचर काढायचं एका घराचं काम नव्हे. म्हणून सगळी वाडी आज माझ्या रानात, उद्या तुझ्या रानात राबते. दगड फोडायचे, माती ओढायची, बांध घालायचा. मजुरी नाही, ज्याचं रान त्याच्याकडे जेवण. आणि ज्याचं रान असेल त्याने पहाटे उठून घरोघर हाळी द्यायची. एकेकाचं नाव घ्यायचं, त्याने 'ओ' दिली की मग पुढचं घर.

"आता एकाद्यानं ओ दिली न्हाई," तात्या म्हणाले, "तर काय करायचं? आमी त्येला बाद म्हनत न्हाई. कामबी थांबवत न्हाई. त्येच्या घरी जातो आन बघतो, हाय का न्हाई. तुमी गेला व्हता का दुसऱ्याच्या घरी?"

"घरी म्हणजे?"

"झाकान काढून बघितलं का?"

झाकण काढायची गरजच काय, मी म्हटलं. मशीन सुरू होताना पहिल्या पडद्यावर स्वतःच सांगतंय, की माझ्याकडे सोळा जण आहेत. यादी आहे ना समोर.

तात्या हसले. ते फार क्वचित हसतात, आणि हसले की आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. "आमच्या वाडीची मतदार यादी आना. लई नावं हायत. मग वाडीत हुबं ऱ्हाऊन एकेकाला हाका मारा, आन मोजा किती ओ देत्यात."

मी उठले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. तात्यांनी स्वतः झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि मान आत घालून मोजलं. "एक," ते म्हणाले, आणि बाजूला झाले. मी वाकून पाहिलं. एका जागी प्रोसेसर होता, पंख्याखाली. शेजारची दुसरी जागा रिकामी. तिच्यावर प्लास्टिकची टोपी आणि टोपीवर धूळ. दुसरं मशीन उघडलं, तेच. मशीनं आमच्याकडे पाठवण्यापूर्वी कोणीतरी प्रत्येकातला एकेक प्रोसेसर काढून घेतला होता, आणि मशीनच्या यादीत मात्र सोळा नावं तशीच राहिली होती. यादीत एक नाव असलेल्याचं, दुसरं नसलेल्याचं, अशी आलटून पालटून. पहिला उठायचा, दुसऱ्याला हाक मारायचा, आणि रिकाम्या घरातून ओ येत नाही म्हणून भेदरून कोसळायचा.

पाच दिवस. पाच दिवस मी, विभागातले आणखी तीन प्राध्यापक आणि तो परदेशी गृहस्थ, कोणालाही स्क्रू काढायचं सुचलं नव्हतं. मी तात्यांकडे बघायचं टाळत होते. तेच म्हणाले, "तुमची चूक न्हाई, मॅडम. यादी लिवनारा नंतर फिरकलाच न्हाई, त्येला तुमी काय करनार?"

पुढचं सोपं होतं. जे नाहीत त्यांना हाक मारू नकोस, एवढं सांगणारी एक ओळ सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहायची. पहिल्या मशीनवर ती मी लिहिली. बटण दाबलं, तात्या आणि मी दोघंही बाजूला सरकलो. ओळी धावल्या आणि या वेळी थांबल्या नाहीत. पडद्यावर आठ जण हजर. मुलांनी बाकं बडवली. तात्या म्हणाले, "बाकीच्यांची ओळ मी लिवनार." मग दोन दिवस ते एका बोटाने, डायरीत बघत, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत मशीन उठवत राहिले. मी करते म्हटलं तर 'परमिशन डिनाइड'. एकेक मशीन उठलं की 'आराम'ची चिठ्ठी अलगद काढून खिशात ठेवायची. शुक्रवारी अकरावं उठलं तेव्हा सरांनी स्वतः मंचरहून भेळ मागवली. लॅबबाहेरच्या पॅसेजमध्ये सतरंजी टाकून आम्ही सगळे बसलो आणि तात्यांनी कोणालाही उठू न देता सगळ्यांना वाढलं. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

बारावं मात्र उठलं नाही. तात्या म्हणाले, "ह्येचं दुखनं येगळं हाय. येळ लागंल. कुनी हात लावू नका." अकरा मशीनवर पाळ्या लावून परीक्षा व्यवस्थित पार पडली, त्यामुळे बाराव्याकडे कोणी पाहिलंही नाही.

महिनाअखेरीस निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, सरांचं लांबलेलं भाषण. तात्यांना दोन शब्द बोला म्हटलं, तर माइकसमोरून बाजूला सरकून म्हणाले, "ऑपरेशन कम्प्लीटेड सक्सेसफुली." टाळ्या पडल्या. मग जरा थांबून म्हणाले, "वन आयटम रिमेनिंग." सगळे खो खो हसले. मीही हसले. नंतर त्यांनी लॅबची किल्ली माझ्या हातात दिली आणि शनिवार नसतानाही दुपारच्या एसटीने वाडीवर गेले.

तीन आठवड्यांनी सरांनी मला बोलावून सांगितलं, की ते बारावं मशीन उगाच जागा अडवून बसलंय, तपासा, नाहीतर भंगारात टाका. तात्यांनी हात लावू नका म्हटलं होतं, पण सरांपुढे काय बोलणार? दुपारी लॅब रिकामी होती. मी मशीन उघडलं. इतर अकरांसारखंच, एक आहे, एक नाही. पेन ड्राइव्हवरून ते चालू केलं आणि सुरुवातीची फाइल उघडली. म्हटलं, तात्यांच्या हातून एखादं अक्षर चुकलं असेल.

अक्षर चुकलं नव्हतं. ओळ बिनचूक होती. फक्त ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह होतं. ते चिन्ह टाकलं की मशीन ती ओळ वाचतच नाही. ते चुकून पडत नाही, मुद्दाम टाकावं लागतं. मला आठवलं, हे चिन्ह तात्यांना मीच शिकवलं होतं. मी ते काढलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. आठही जण हजर झाले. त्याला काहीही झालेलं नव्हतं. तात्यांनी ते उठवून पाहिलं होतं, आणि पुन्हा निजवून ठेवलं होतं.

मी तात्यांच्या त्या स्टुलावर बसले. ज्या माणसाने एकाही मशीनला कधी बिघडलं म्हटलं नाही, त्याने एक धडधाकट मशीन आजारी पाडून ठेवलं होतं. आणि तीन आठवडे त्याला कोणी फोन केला नव्हता. मला स्वतःचाच राग आला.

मी फोन लावला. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"तात्या, ते बारावं काही उठत नाही. आम्ही सगळं करून बघितलं. सर भंगारात टाका म्हणतात."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "भंगारात कशापायी? मी येतो की. एका दिवसात व्हनार न्हाई पर, सांगून ठेवतो. दोन-चार येळा यावं लागंल."

"या ना तात्या. दर गुरुवारी आलात तरी चालेल. मी सरांना सांगते."

"चालंल. आन मॅडम, जेवान आनू नका. मी नाचनीची भाकर आनतो, समद्यांना."

फोन ठेवून मी सरांकडे गेले आणि सांगितलं, की बाराव्याचं दुखणं वेगळं आहे, माझ्या आवाक्यातलं नाही, तात्यांनाच यावं लागेल. सर माझ्या पदवीवर शंका आल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. मी खुशाल बघू दिलं. मग लॅबमध्ये परत आले, फाइल उघडली, ते चिन्ह होतं तिथे पुन्हा टाकलं, आणि मशीन सुरू होत नाहीये ना, याची दोनदा खात्री करून घेतली.